क्षमावणीचं कार्ड

ते कार्ड परत मिळवायला मला मुंबईच्या राज्य ग्राहक आयोगाकडे तीन अर्ज करावे लागले. तिसऱ्या अर्जानंतर ते पोस्टाने आलं, तेव्हा त्याच्या डाव्या कडेला फायलीच्या दोरीची दोन भोकं पडली होती आणि कोपऱ्यात निळा शिक्का होता. पोस्टकार्डाएवढं जाडसर कार्ड, वर केशरी शाईत 'उत्तम क्षमा' असं छापलेलं. बावीस वर्षांच्या वकिलीत याहून चांगला पुरावा माझ्या हाताला लागला नाही, आणि याच्याइतकं वाटोळं मी दुसऱ्या कुठल्याच पुराव्याचं केलं नाही.

मी सयाजी. मूळचा कोरेगावचा, वकिली साताऱ्याला. कोर्टाच्या आवारात मला माझ्या पाठीमागे 'फ्रिजवाले' म्हणतात. ग्राहक कायदा नवा होता तेव्हा एका दुकानदाराने गार न होणारा फ्रिज बदलून द्यायचं नाकारलं, त्याला मी ग्राहक मंचापुढे उभा करून घाम फोडला होता. मग शिलाई मशिनं आली, गॅसच्या शेगड्या आल्या, मुहूर्ताला न उगवलेला एक व्हिडिओ शूटिंगवाला आला. सगळ्यांत जिंकलो. जिंकायची सवय लागली की माणूस समोरच्याचं ऐकायचं विसरतो, आणि आपण विसरलोय हे त्याला कुणी सांगतही नाही.

गंगाधर शाळेत माझ्या एक वर्ष मागे होता. पुढे तो कवठे महांकाळच्या हायस्कुलात प्रयोगशाळेत नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. शहाण्णवच्या उन्हाळ्यात तो माझ्या ऑफिसात आला तेव्हा त्याची बायको शरयू जाऊन चार महिने झाले होते. आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवाही ग्राहक कायद्यात येते असा निकाल दिला होता, आणि मी तसल्या पहिल्या केसची वाटच बघत होतो. खरं सांगायचं तर त्याची हकीकत ऐकता ऐकता मी मनात तक्रारअर्जाचे परिच्छेद पाडत होतो.

हकीकत अशी. जानेवारीतल्या त्या दिवशी सकाळपासून शरयूच्या पोटात दुखत होतं. तिने ओवा खाल्ला, पोट शेकलं, कुणाला काही बोलली नाही. दुपारी तीनला शेजारीण शाळेत धावत गेली. गंगाधर हातातलं काम टाकून घरी आला आणि पावणेचारच्या एसटीने तिला घेऊन सांगलीला निघाला. जीप शोधत हिंडण्यापेक्षा समोर उभी असलेली गाडी बरी, असं त्याला वाटलं. सांगलीच्या स्टँडवरून रिक्षा करून तो आदगोंडा डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचला तेव्हा साडेपाच वाजले होते.

डॉक्टर त्याच वेळी जिना उतरत होते. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांच्या घरचा नेम, आणि पेशंटांनाही तो पाठ होता. त्यांनी बाकावर वाकून बसलेल्या शरयूकडे पाहिलं, सिस्टरला म्हणाले, यांना बसवा, मी आलोच. जेवण पंधरा मिनिटांचं. पण जेवून निघताना कुणा म्हाताऱ्याला धाप लागल्याचं बोलावणं आलं, ते तिकडे गेले, आणि परतेपर्यंत सव्वाआठ झाले. तोवर सिस्टरने पोटदुखीची एक गोळी देऊन शरयूला बाकावरच ठेवलं होतं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, आणि स्वतःच्या गाडीत घालून तिला मिरजेला नेलं. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. तिथले सर्जन गंगाधरला म्हणाले, दोन-तीन तास आधी यायला हवं होतं. सकाळ व्हायच्या आत ती गेली.

आता त्या दवाखान्याची रीत अशी, की डॉक्टर खुर्चीत बसल्याशिवाय सिस्टर केसपेपर लिहायची नाही. त्यामुळे शरयूच्या केसपेपरवर येण्याची वेळ पडली सव्वाआठ. बाकावरचे पावणेतीन तास कागदावर कुठेच नव्हते.

गंगाधरला भरपाई नको होती. त्याची तेरा वर्षांची मुलगी भार्गवी आई गेल्यावर वाईला मामाकडे राहत होती, आणि तिथे रोज एकच विषय चालायचा, की भावजींनी उशीर केला, साधी जीप केली नाही, एसटीने नेलं. पोरीने बापाला पत्रात विचारलं होतं, बाबा, तुम्ही लवकर का नाही निघालात? ते पत्र त्याने मला दाखवलं. उशीर माझ्याकडून झाला नाही, एवढं कुणीतरी अधिकाराच्या माणसाने लिहून द्यावं, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, त्यात काय, आपण केस टाकू.

एसटीचं तिकीट कुठे आहे, असं मी विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. बायको पोट धरून बसली होती आणि तो तिकीट जपणार होता का. कंडक्टर शोधणं, डेपोतून त्या दिवसाची गाडीची नोंद काढणं, त्या गाडीने स्वतः एकदा जाऊन बघणं, असली पायपीट मी केली नाही. कायद्याचे मुद्दे मात्र पंधरा पानं लिहिले. सांगलीच्या मंचापुढे डॉक्टरांचं उत्तर आलं दीड पानाचं. 'केसपेपरनुसार रुग्णास रात्री सव्वाआठ वाजता आणण्यात आले.' सिस्टरनेही तसंच शपथेवर सांगितलं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते, कागदावर होतं तेवढंच बोलले होते.

सत्त्याण्णवच्या जुलैत तक्रार फेटाळली गेली. मंचाने समोरच्या कागदावरून निकाल दिला, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी आज म्हणणार नाही. पण निकालात एक वाक्य होतं. 'रुग्णास दवाखान्यात आणण्यास नातेवाइकांनी केलेला विलंब हेच मृत्यूचे प्रमुख कारण दिसून येते.' जे वाईच्या घरात तोंडी बोललं जात होतं, ते आता शिक्क्यानिशी लेखी झालं. मामाने निकालाची नक्कल मागवली आणि भार्गवीला वाचून दाखवली. गणपतीच्या सुट्टीत ती बापाकडे यायची होती, ती आली नाही.

अपिलाला तीस दिवसांची मुदत असते. पंचविसाव्या दिवशी मी राज्य आयोगात अपील दाखल केलं. गंगाधरने फक्त एवढंच विचारलं, की ते एक वाक्य खोडता येतं का. मी म्हटलं, अख्खा निकाल खोडू.

सप्टेंबर अखेरीला तो पुन्हा आला. कळवल्याशिवाय, शाळेतून रजा टाकून. वर्षभरात पहिल्यांदा त्याने दाढी नीट केली होती. त्याच्या पिशवीत तासगावहून घेतलेल्या बेदाण्यांचा पुडा होता, भार्गवीसाठी. साताऱ्यातून तसाच वाईला जाणार म्हणाला. खुर्चीत बसून त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून ते कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवलं.

सांगलीकडच्या जैन घरांतून पर्युषण संपलं की क्षमावणीच्या दिवशी अशी कार्डं जातात, हे मला माहीत होतं. मजकूर छापील असतो. 'गेल्या वर्षभरात आमच्याकडून मनाने, वाणीने, कृतीने, कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा असावी.' नातेवाईक, शेजारी, ओळखीचे, सगळ्यांना जातात. आदगोंडा डॉक्टरांच्या घरून दरवर्षी तीनशे जायची, आणि पत्ते त्यांच्या आई, चंपाबाई, लिहायच्या. या कार्डावरचा पत्ता मात्र डॉक्टरांच्या हातचा होता, औषधाच्या चिठ्ठीवर असतो तसल्या अक्षरात. आणि छापील मजकुराखाली त्याच अक्षरात तीन ओळी होत्या.

'शरयूताईंना तुम्ही साडेपाचला आणलं होतं. मी जिन्यावरून पाहिलं होतं. उशीर तुमचा नव्हता. आदगोंडा.'

"सयाजीराव," गंगाधर म्हणाला, "अपील मागं घ्या. मला पायजे हुतं ते मिळालं."

माझ्या अंगावर काटा आला, पण तो भलत्याच कारणाने. कबुली. प्रतिवादीच्या स्वतःच्या अक्षरात, सहीनिशी, टपालाच्या शिक्क्यासह. असा कागद वकिलाच्या जन्मात एकदा येतो. मी त्याला म्हटलं, वेड लागलंय का, आता कुठे केस उभी राहतेय. तो म्हणाला, मानसानं क्षमा मागितल्यावर त्याला कोर्टात ओढायचं, हे बरं दिसत न्हाई. मी म्हटलं, क्षमा मागायची आणि मंचापुढे गप्प बसायचं, हे बरं दिसतं का? बोलण्यात मला कोण हरवणार.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं मी अशिलांना नेहमी सांगायचो. त्या दिवशी मी गंगाधरच्या हातचं काढून घेतलं आणि त्याला पळत्याच्या मागे लावलं. आयोगाला मूळ कागद लागतो, झेरॉक्स चालत नाही, असं सांगून कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये गेलं. झेरॉक्स त्याने मागितली, तर तीही मी दिली नाही. वाईला इतक्यात काही बोलू नका, असं बजावलं. मामा बोलघेवडा, गोष्ट सांगलीला पोचली तर डॉक्टर सावध होतील. दोन-चार महिने दम धरा, मग पोरीला शिक्क्याचा कागद दाखवा, पोस्टाचं कार्ड कशाला?

"नक्की दोन-चार म्हयनं?" त्याने विचारलं.

मी नक्की म्हटलं. तो थोडा वेळ रिकाम्या हातांनी बसून राहिला. मग उठला, आणि बेदाण्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, तुमच्या पोरास्नी द्या. आता तिथं जाऊन गप बसायचं मला जमायचं न्हाई. तो वाईला न जाता तसाच कवठ्याला परतला. ते बेदाणे आम्ही घरात आठवडाभर खाल्ले, चांगले टपोरे होते.

कार्ड आयोगात दाखल झालं, आणि दोन-चार महिन्यांचे आठ झाले. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात डॉक्टरांचं शपथपत्र माझ्याकडे आलं. मुंबईच्या कुणा हुशार वकिलाने लिहिलेलं होतं, मी त्याच्या जागी असतो तर तसंच लिहिलं असतं. 'सदर कार्ड हे आमच्या धार्मिक परंपरेचा भाग असून त्यावरील हस्तलिखित मजकूर हा केवळ दुःखी कुटुंबियाच्या समाधानासाठी लिहिलेला आहे. तो वस्तुस्थितीस धरून नाही.' खाली आदगोंडा डॉक्टरांची सही. कार्डावरची आणि ही सही मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. शपथपत्रावरची जरा वाकडी होती, की मलाच तशी वाटली, सांगता येत नाही.

हे मी गंगाधरला कळवलं नाही. युक्तिवादात बघून घेऊ, असं ठरवलं. दुसरं म्हणजे, त्याला ते वाचून दाखवायचं धाडस माझ्यात नव्हतं.

जुलैत सुनावणी झाली. गंगाधर आदल्या दिवशीच मुंबईत येऊन कुणा विद्यार्थ्याच्या घरी उतरला होता. आयोगाच्या हॉलमध्ये तो मागच्या बाकावर इस्त्रीच्या कपड्यांत बसला, आणि समोरच्या वकिलाने शपथपत्रातला तो परिच्छेद सावकाश, शब्द सुटा करून वाचला. डॉक्टर भिंतीपाशी उभे होते. पन्नाशीचे, बारीक चणीचे, पांढऱ्या शर्टातले. वाचन चाललेलं असताना ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मी चाळीस मिनिटं बोललो. सदस्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि एकच प्रश्न विचारला, की कार्ड लिहिणाराच शपथेवर ते नाकारतोय, मग तुमच्याकडे दुसरं काय आहे? माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. डेपोची नोंद नाही, कंडक्टर नाही, रिक्षावाला नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात गंगाधरने मला गाठलं.

"समाधानासाठी म्हंजे काय वो?"

मी म्हटलं, ती कायद्याची भाषा असते, मनावर घेऊ नका.

"न्हाई," तो म्हणाला. "म्हंजे मला बरं वाटावं म्हनून लिवलं हुतं त्यांनी. खरं न्हवतं ते."

डॉक्टर दारातून बाहेर आले. त्यांनी गंगाधरकडे बघून हात जोडायला उचलले, अर्धे जोडले, तेवढ्यात त्यांच्या वकिलाने त्यांना दंडाला धरून जिन्याकडे नेलं. गंगाधरने मान वर केली नाही.

अपील फेटाळलं गेलं. विलंबाचं वाक्य जसंच्या तसं राहिलं, वर कार्ड वस्तुस्थितीला धरून नसल्याचं आणखी एक वाक्य आलं. खोडायला गेलो आणि ठळक करून आलो. दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडे जाता येईल, असं मी गंगाधरला पत्राने कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही.

त्या वर्षी क्षमावणीच्या दुसऱ्या दिवशी माझं सांगलीला काम होतं. पाय आपोआप डॉक्टरांच्या घराकडे वळले असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही, मी मुद्दाम गेलो. भांडायला गेलो होतो. पराभव दुसऱ्याच्या दारात टाकून यावा, एवढाच हेतू. दार चंपाबाईंनी उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि समोर बसून म्हणाल्या, "औंदा कार्डं छापली न्हाईत आमी. सत्तर वर्सांत पयल्यांदा."

डॉक्टर आतून आले. मी माझी तयारीची वाक्यं सुरू केली. त्यांनी ती पूर्ण ऐकली, मध्ये अडवलं नाही.

"शपथपत्र वकिलाने लिहिलं, सही माझी आहे," ते म्हणाले. "ते पाप मी तुमच्यावर ढकलत नाही. मंचापुढे गप्प बसलो, तेही माझंच. दवाखाना बंद पडेल म्हणून भ्यालो. पण वकीलसाहेब, वर्षातून एक दिवस आम्ही भीड सोडून खरं बोलतो. तो दिवस तुम्ही फायलीला लावलात."

मी विचारलं, आता काय करता येईल? लेखी काही देता येणार नाही, ते म्हणाले, ते पुन्हा कुठल्या तरी फायलीला लागेल. मग आईकडे एकदा बघून म्हणाले, "त्यांना घेऊन या. कागद नको. मी तोंडाने सांगतो, त्यांच्या मुलीच्या समोर सांगतो."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. सांगलीहून कवठे महांकाळ दीड तासाचं. त्याच दिवशी गाडी धरली असती तर गोष्ट संपलीही असती. पण मला साताऱ्याला दुसऱ्या दिवशी एक बिल्डरची केस होती. मग दिवाळी आली. मग असं वाटलं, की रिकाम्या हाताने कसं जायचं, आधी कार्ड परत मिळवू, ते त्याच्या हातात ठेवू आणि मग डॉक्टरांचा निरोप सांगू. म्हणून अर्ज केला. त्याला उत्तर नाही म्हणून दुसरा केला, मग तिसरा. खरी गोष्ट ही, की मला त्याच्या तोंडासमोर जायची लाज वाटत होती आणि अर्ज करत राहिलं की आपण काहीतरी करतोय असं वाटायचं. माझा आणि अर्जांचा संबंध नेहमी असाच होता.

कार्ड आलं नव्व्याण्णवच्या जूनमध्ये, आणि मी कवठ्याला गेलो. पाऊस अजून तिकडे फिरकला नव्हता, शाळा सुरू व्हायच्या होत्या. दार एका सोळा वर्षांच्या मुलीने उघडलं. मी नाव सांगितलं. तिने आत वळून, बाबा, साताऱ्याचे वकीलकाका आलेत, असं सांगितलं. ती भार्गवी होती.

गंगाधर मला बघून उठला, आस्थेने सगळं विचारलं. पोरीचा दहावीचा निकाल चांगला लागला, आता सांगलीला कॉलेजात घालतोय, जाऊन येऊन करील, असं सांगितलं. घर झाडलेलं होतं, खिडकीत नवे पडदे होते. त्याने भार्गवीला दूध आणायला पाठवलं आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभा राहिला. मग आत येऊन माझ्यासमोर बसला.

मी कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते पूर्ण वाचलं, भोकांवरून अंगठा फिरवला, उलटं करून पत्ता पाहिला.

मी म्हटलं, "डॉक्टर तोंडाने सांगायला तयार आहेत. भार्गवीसमोर."

"कवा म्हनले?"

मी खोटं बोलणार होतो. पण बोललो नाही. "गेल्या सप्टेंबरात," म्हटलं.

त्याने मान हलवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी संक्रांतीला वाईला गेलो," तो म्हणाला. "पोरीच्या म्होरं बसलो. म्हनलो, माझाच उशीर झाला गं. जीप कराया पायजे हुती, म्या केली न्हाई. मला माफ कर. लय रडली. मीबी रडलो. दोन दिसांनी पेटी घिऊन आली."

"पण तुम्ही उशीर केला नव्हता."

"मग काय सांगू तिला आता? बाप खोटं बोलला, म्हनून तू घरला आलीस?" त्याने कार्ड माझ्याकडे सरकवलं. "हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. घरात ठिवलं तर कवातरी सापडंल तिला."

मी कार्ड उचललं नाही. मग तो पडद्याकडे बघत, मला सांगतोय की स्वतःला ते कळू नये अशा आवाजात म्हणाला,

"आन् खरं सांगू का सयाजीराव? तिला सांगताना पयल्यांदा जीभ अडली हुती. मग तिनं परत परत इचारलं, मी परत परत सांगितलं. आता डोळं मिटलं तर मलाबी तसंच दिसतंय. आमी रिक्षातनं उतरलो तवा दवाखान्यात दिवं लागलं हुतं."

फाटक वाजलं. मी कार्ड पटकन खिशात घातलं. माझ्या हातून त्या घरासाठी झालेलं तेवढं एकच काम वेळेवर झालं.

भार्गवीने आल्याचा चहा केला. मी निघालो तेव्हा ती मला स्टँडपर्यंत पोचवायला आली, तिला वह्या घ्यायच्या होत्या. वाटेत ती कॉलेजबद्दल बोलली, मामाकडच्या विहिरीबद्दल बोलली. स्टँडच्या फाटकापाशी थांबून म्हणाली, काका, तुम्ही बाबांसाठी मुंबईपर्यंत लढलात, मला माहितेय.

"पण त्यांनी शेवटी कबूल केलं, तेच बरं झालं. नाहीतर मी आलेच नसते."

तिची आई, तिचा बाप, जिन्यावरचा डॉक्टर, सगळे माझ्या छातीवरच्या खिशात होते, भोकं पाडून, शिक्का मारून. मी हो म्हटलं. दुसरं काही बोलायचा हक्क मला राहिला नव्हता.

सांगलीची गाडी लागलेली होती. कंडक्टरला वेळ विचारली, तर म्हणाला, पावणेचारची हाय, रोजचीच. खिडकीशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना कोरडं माळरान, मध्येच द्राक्षांच्या बागा, गाडी प्रत्येक फाट्याला थांबत होती, आणि प्रत्येक थांब्याला मी मनगटावर बघत होतो. शरयू कुठल्या बाजूला बसली असेल, खड्डा आला की गंगाधरने तिला कसं धरलं असेल, हे तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनात आलं. पंधरा पानांत त्यातलं काही नव्हतं.

सांगलीच्या स्टँडवर पाच वाजून वीस मिनिटांनी गाडी लागली. मी साताऱ्याच्या फलाटाकडे गेलो नाही. रिक्षा केली, आणि आदगोंडा डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर उतरून पुन्हा घड्याळ पाहिलं. साडेपाचला दोन मिनिटं कमी होती. जिना दिसत होता, बाक दिसत होता, बाकावर कुणीतरी म्हातारी बसली होती. दवाखान्यात अजून कुठेच दिवा लागलेला नव्हता.